दप्तर मोजले, पाठ कोण पाहणार?

जबलपूरच्या राइट टाऊन भागात सकाळी शाळा भरण्याच्या वेळी उभे राहिले, की एकाच वर्गातील मुलांच्या अंगलटीतली तफावत नजरेत भरते. आठवीतला कोणी एकाएकी उंच झालेला, कोणी अजून लहानखुरा. दप्तरे मात्र बहुधा सारखीच. त्या पाठी पाहताना आपल्या धोरणातील एक उणीव मला जाणवली.

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तर विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड असू नये. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये इयत्तावार मर्यादाही लागू केल्या. आठवीसाठी ती अडीच ते चार किलो आहे. पण ३० किलो वजनाच्या मुलीने १० टक्क्यांच्या हिशेबाने तीन किलोच पेलायचे. अशा मुली अपवाद नाहीत. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील सुमारे २४ टक्के मुले-मुली कृश आढळली होती.

तरीही सारा दोष दप्तरावर टाकणे शास्त्राला धरून नाही. ओझ्याने पाठ दुखते. पण किशोरवयात कणा एका बाजूस वळतो तो विकार, म्हणजे स्कोलिओसिस, बहुतांशी अज्ञात कारणाने होतो. शंभरांत दोन-तीन मुलांत तो आढळतो आणि उंची झपाट्याने वाढताना बळावतो. स्थूल मुलांत तो उशिरा ध्यानात येतो. वेळीच कळला, तर पट्टा वापरून अनेकांची शस्त्रक्रिया टळते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शासकीय व अनुदानित शाळांत तपासणी करतात. त्यांच्या ३० विकारांच्या यादीत मुडदूस आहे, हा विकार नाही. वास्तविक मुलाला पुढे वाकवले, की पाठीचा एका बाजूचा उंचवटा दिसतो. त्याला मिनिटभरही लागत नाही.

सरसकट तपासणीबद्दल दुमत आहे, हे मला मान्य आहे. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने २०१८ मध्ये तिच्या बाजूचा वा विरोधातला पुरावा अपुरा ठरवला. खोट्या संशयाने क्ष-किरण चित्रे आणि पालकांची धास्ती वाढते. म्हणून माझे म्हणणे मर्यादित आहे. एका जिल्ह्यात, उंची-वजन नोंदवतानाच, ही पाहणी करून पाहावी. संशयितांना वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवावे. जबलपुरात नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय आहेच. काट्यावर दप्तर ठेवणाऱ्या व्यवस्थेने ते वाहणाऱ्या पाठीकडेही एकदा पाहावे.