पैसे दिले म्हणजे हक्क मिळतो? थंडर बेमधला कायदा, डेटिंग आणि काही गैरसमज

थंडर बे हे कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातलं, लेक सुपिरियरच्या काठावरचं शहर. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या १,०८,८४३, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. टोरांटो इथून रस्त्याने सुमारे १,४०० किलोमीटर, विनिपेग ७००. लेकहेड विद्यापीठ आणि कॉन्फेडरेशन कॉलेज यांमुळे भारतातून बरीच मुलं इथे शिकायला येतात, त्यात मराठीही असतात. निघण्याआधी घरात फी, थंडी, डाळ-तांदूळ कुठे मिळतील, सगळ्याची चौकशी होते. विशी-बाविशीतला मुलगा किंवा मुलगी सहा महिने बर्फात एकटी राहणार आहे, तर तिच्या सोबतीचं, प्रेमाचं, शरीराचं काय, हा विषय मात्र कुणी काढत नाही. मग ती माहिती रूममेटकडून मिळते, आणि ती बहुतेक वेळा अर्धवट असते.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘कॅनडात एस्कॉर्ट वगैरे सगळं लीगल आहे.’

ते खरं नाही. कॅनडात पैसे देऊन लैंगिक सेवा घेणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हेगार ठरतो तो पैसे देणारा. स्वतःची सेवा विकणाऱ्या प्रौढ व्यक्तीवर त्याबद्दल खटला भरला जात नाही. आपल्याकडे पिटा कायद्याखाली छापा पडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. त्यात दलाल पकडला जातो, बायकांना सुधारगृहात पाठवलं जातं आणि गिऱ्हाइकाचा उल्लेख क्वचितच असतो. तेच चित्र डोक्यात घेऊन आलेल्या माणसाला इथला कायदा उलटा वाटतो, आणि तिथेच तो फसतो.

हा गैरसमज पसरायला कारणही आहे. टेरी-जीन बेडफर्ड, एमी लेबोविच आणि व्हॅलरी स्कॉट या, याच व्यवसायात काम केलेल्या, तिघींनी कॅनडाच्या जुन्या कायद्याविरुद्ध लढा दिला. त्या कायद्यात कुंटणखाना चालवणं, या व्यवसायाच्या कमाईवर जगणं आणि सार्वजनिक जागी त्यासाठी बोलणी करणं हे गुन्हे होते. २० डिसेंबर २०१३ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही तिन्ही कलमं एकमताने रद्द केली. या कलमांमुळे बाईला सुरक्षित खोलीत काम करता येत नाही, राखणदार ठेवता येत नाही, गिऱ्हाईक कसं आहे हे आधी जोखता येत नाही आणि तिचा जीव धोक्यात येतो, असं कोर्टाचं म्हणणं होतं. ही बातमी जगभर गेली आणि लोकांच्या लक्षात तेवढीच राहिली. कोर्टाने संसदेला एक वर्षाची मुदत दिली होती. त्या मुदतीत नवा कायदा झाला आणि ६ डिसेंबर २०१४ पासून लागू झाला. स्वीडनने १९९९ मध्ये जो रस्ता धरला होता, तोच साधारण कॅनडाने धरला. ग्राहकाला शिक्षा करायची, विकणाऱ्याला सोडायचं.

फौजदारी संहितेचं कलम २८६.१ नीट वाचलं पाहिजे. सेवा घेणं तर गुन्हा आहेच, पण ती घेण्याच्या हेतूने कोणाशीही बोलणं हासुद्धा तोच गुन्हा आहे. ‘मी फक्त मेसेज केला, गेलो नाही’ ही सबब इथे चालत नाही. जाहिरातीमागे बसलेली व्यक्ती पोलीस अधिकारी निघाली तरी गुन्हा घडलेला असतो. जास्तीत जास्त शिक्षा पाच वर्षं कैद. साध्या खटल्यातसुद्धा पहिल्या वेळी किमान ५०० डॉलर दंड, आणि शाळा, बाग किंवा प्रार्थनास्थळाजवळच्या सार्वजनिक जागी घडलं तर १,०००. समोरची व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल तर मर्यादा दहा वर्षांपर्यंत जाते.

पाचशे डॉलर ऐकून एखाद्याला हायसं वाटेल, पण खरी मेख पुढे आहे. किमान दंड कायद्यातच ठरलेला असल्यामुळे दोष सिद्ध झाल्यावर न्यायाधीशाला ‘पहिली चूक आहे, जा’ असं म्हणून नोंद न करता सोडता येत नाही. आणि इमिग्रेशनच्या कायद्यात असा दुहेरी स्वरूपाचा, म्हणजे साध्या किंवा गंभीर अशा दोन्ही पद्धतींनी चालवता येणारा गुन्हा, प्रत्यक्षात साध्या पद्धतीने चालवला गेला तरी, गंभीर प्रकारातलाच धरतात. स्टडी परमिट किंवा वर्क परमिटवर असलेला परदेशी नागरिक अशा एका दोषसिद्धीने देशात राहायला अपात्र ठरू शकतो. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेल्या मुलाचं सगळं करिअर एका संध्याकाळच्या मेसेजवर टांगलेलं असतं, आणि हे त्याला कोणी आधी सांगितलेलं नसतं. म्हणून मी हे इतकं उलगडून लिहितो आहे.

‘पण मग महापालिका परवाने का देते?’ असा प्रश्न लोक विचारतात. एडमंटन आणि कॅलगरीसारख्या शहरांत एस्कॉर्ट व्यवसायाला पालिकेचे परवाने मिळतात, हे खरं आहे. पालिकेचा परवाना हा धंदा कुठे, कसा नोंदवायचा यापुरता असतो. संसदेने जो गुन्हा ठरवला त्यावर तो पांघरूण घालू शकत नाही. नुसत्या सोबतीचे, म्हणजे जेवायला किंवा समारंभाला बरोबर येण्याचे पैसे देणं गुन्हा नाही. पण व्यवहार खरा कशाचा होता हे कोर्ट पाहतं, पावतीवर काय लिहिलंय ते पाहत नाही.

मधल्या माणसांवर कायदा आणखी कडक आहे. दुसऱ्याच्या या कमाईवर पैसे करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत, भरीला घालून या धंद्यात आणणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंत, आणि दुसऱ्याच्या सेवेची जाहिरात चालवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. घरभाडं वाटून घेणारी मैत्रीण, आईवर अवलंबून असलेली मुलं, सगळ्यांसारखाच दर घेणारा टॅक्सीवाला यांना त्यात सूट आहे. कमाई आणि भरीला घालणं यांवरची कलमं जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. या व्यवसायातल्या व्यक्तींच्या संघटनांचं म्हणणं वेगळं आहे. ग्राहक पकडला जाण्याच्या भीतीने घाई करतो, नाव सांगत नाही, आडबाजूला भेटतो आणि त्यात धोका बाईलाच पोचतो, असं त्या सांगतात. मला त्यांच्या म्हणण्यात तथ्य वाटतं. पण कायदा बदलेपर्यंत तो जसा आहे तसाच लागू होणार.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल बोलायला लोक आणखी कचरतात. फी भरायची आहे आणि तासाचा पगार पुरत नाही, अशा वेळी ‘विकणाऱ्याला गुन्हा नाही ना, मग काय?’ असं एखाद्या मुलीला किंवा मुलाला पटवलं जातं. फौजदारी कायद्यापुरतं ते बहुतांशी बरोबर आहे. इमिग्रेशनच्या नियमांत मात्र तात्पुरत्या परवान्यावर असलेल्या कोणालाही एस्कॉर्ट सेवा, नग्ननृत्य किंवा कामुक मसाज नियमितपणे पुरवणाऱ्या मालकाकडे काम करायला मनाई आहे. ओपन वर्क परमिट असला तरीही. म्हणजे ज्या कामासाठी तुरुंग नाही, त्याच कामासाठी देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. हे ज्याला ठाऊक आहे तो दलाल त्याचाच धाक दाखवतो: ‘पोलिसांकडे गेलीस तर तुलाच परत पाठवतील.’ हा नियम मला अन्यायाचा वाटतो, कारण ज्यांना मदतीची सगळ्यात जास्त गरज असते त्यांचंच तोंड तो बंद करतो.

तरीही मदतीचा मार्ग पूर्ण बंद नाही. जबरदस्तीने या कामात ओढल्या गेलेल्या परदेशी व्यक्तीसाठी खास तात्पुरता निवास परवाना आहे. तो मिळवायला शुल्क नाही, आणि छळणाऱ्याविरुद्ध साक्ष देण्याची अटही नाही. मानवी तस्करीविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १-८३३-९००-१०१० या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते.

अशा जाहिरातींतून होणाऱ्या फसवणुकीचा प्रकारही थोडक्यात सांगतो. जाहिरातीवर मेसेज केला की आधी ‘डिपॉझिट’ मागतात, ई-ट्रान्स्फरने किंवा गिफ्ट कार्डाचा नंबर कळवून. पैसे पोचले की समोरची व्यक्ती गायब होते, किंवा धमक्या सुरू होतात: घरच्यांना कळवू, कॉलेजला कळवू, फोटो पसरवू. मागणारा कधी एकदाच घेऊन थांबत नाही, म्हणून दुसरा हप्ता पाठवायचा नाही आणि मेसेज पुसून टाकायचे नाहीत. कोणाचेही खासगी फोटो संमतीशिवाय पसरवणं हा कॅनडात स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आपलं काही चुकलं असेल या भीतीने गप्प बसण्यापेक्षा आधी वकिलाशी बोलावं. विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी कायदेविषयक सल्ल्याची काही ना काही सोय बहुधा असते.

हे सगळं कशातून येतं? बहुतेक वेळा एकटेपणातून, आणि ‘इथे डेटिंग आपल्याला परवडणारच नाही’ या समजुतीतून. हॉटेलचा हिशेब करून पाहू. मेन्यूवर दोघांचं जेवण ६० डॉलरचं दिसतं. त्यावर १३ टक्के कर म्हणजे ७.८० डॉलर. वर १८ टक्के टिप धरली तर १०.८०. बिल झालं ७८.६०. कार्डाचं यंत्र पुढे येतं तेव्हा टिपचे आकडे पुष्कळदा करासकट रकमेवर काढलेले असतात, तेही पाहून घ्यावं. ऑन्टारियोत ऑक्टोबर २०२५ पासून किमान वेतन तासाला १७.६० डॉलर आहे, आणि सत्र चालू असताना परदेशी विद्यार्थ्याला कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. म्हणजे एक जेवण साडेचार तासांच्या कामाइतकं. महाग आहेच.

फक्त पहिली भेट अशी व्हावी अशी इथे कोणाची अपेक्षा नसते. ती कॉफीवर होते, तासाभरात उरकते आणि दोघं आपापले पैसे देतात. मुलाने बिल भरलंच पाहिजे, नाहीतर इज्जत जाते, हे ओझं आपण मुंबई-पुण्याहून सोबत आणलेलं असतं. थंडर बेला ‘पर्शियन’ नावाचा एक गोड पदार्थ मिळतो. दालचिनी घातलेला तळलेला पाव, वर गुलाबी बेरीचं दाट आयसिंग. ही इथलीच खासियत, इथल्या लोकांना तिचं कौतुक, आणि दोन पर्शियन नि दोन कॉफ्या एका तासाच्या मजुरीत आरामात बसतात. हिवाळ्यात तलावाकाठच्या मरिना पार्कात स्केटिंग फुकट असतं, बूट तेवढे हवेत. मंगळवारी सिनेमाचं तिकीट स्वस्त असतं. शनिवारी सकाळी कंट्री मार्केट भरतं. लेकहेडच्या थंडरवुल्व्ह्ज संघाचा हॉकीचा सामना असला की फोर्ट विल्यम गार्डन्समध्ये अर्धं गाव भेटतं. इथे फिनलंडहून आलेल्यांची जुनी वस्ती असल्यामुळे सार्वजनिक सौनाही आहे. ‘छोट्या शहरात सोशल लाइफ नाही’ असं म्हणणारा बहुतेक वेळा खोली, कॉलेज आणि नोकरी या तिन्हींच्या बाहेर पडलेला नसतो. रात्री दहानंतर गाव निजतं हे खरं. ओळखी मात्र टोरांटोपेक्षा इथे लवकर होतात, कारण तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. कर्लिंग क्लबात नवख्याला खेळ शिकवायला म्हातारी माणसं आनंदाने पुढे येतात.

तीच माणसं पुन्हा भेटतात, म्हणून वागणुकीची चर्चाही लवकर पसरते. संमतीबद्दलचा गैरसमज इथे फार महागात पडतो. ‘ती नाही म्हणाली नाही’, ‘ती खोलीवर आली’, ‘खर्च मी केला’, यांतलं काहीही कॅनडाच्या कायद्यात संमती ठरत नाही. गृहीत धरलेली संमती असा प्रकारच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये युअनचुक खटल्यात स्पष्ट केलं. बेशुद्ध किंवा झोपलेली व्यक्ती संमती देऊ शकत नाही, आधी ‘हो’ म्हणाली असली तरी, हे २०११ मध्ये ठरलं. कंडोम वापरायचं ठरवून न वापरणं हा लैंगिक अत्याचार ठरू शकतो, हे २०२२ मध्ये. ‘मला वाटलं तिची तयारी आहे’ असं म्हणणाऱ्याला आपण खात्री करून घ्यायला काय केलं ते दाखवावं लागतं. संमतीचं वय सर्वसाधारणपणे १६ आहे, पण शिक्षक, प्रशिक्षक, मालक अशा अधिकाराच्या नात्यात ते १८ होतं.

शेवटचा गैरसमज साधा दिसतो: ‘लग्न केलं नाही म्हणजे कागदावर काही नाही.’ थंडर बेमध्ये भाडं वाचवायला म्हणून जोडपी एकत्र राहायला लागतात, आणि पुण्या-नाशिकच्या घरी ते सांगितलेलं नसतं. सलग बारा महिने जोडीने एकत्र राहिलं की इमिग्रेशन खातं त्या दोघांना कॉमन-लॉ जोडीदार मानतं, कर खातंही तसंच. तीन वर्षं झाली की ऑन्टारियोत एकाला दुसऱ्याकडून पोटगी मागता येते, मूल असेल तर त्याआधीही. मालमत्तेचा अर्धा वाटा मात्र लग्नासारखा आपोआप मिळत नाही. आई-बाबांना कळू नये म्हणून पीआरच्या (कायम निवासाच्या) अर्जावर ‘सिंगल’ लिहिणारी मुलं-मुली आहेत. माहिती दडवल्याचा ठपका आला तर पाच वर्षं कॅनडाचा दरवाजा बंद होतो, आणि लपवलेल्या जोडीदाराला पुढे स्पॉन्सर करतानाही तेच उत्तर आडवं येतं. अर्जाचा तो रकाना भरण्याआधी घरी एक फोन करावा.