शून्यावर परतणारा काटा

दौंडहून पुण्यास जाताना आम्ही रुळांलगतचे किलोमीटरचे खांब पाहतो. दोन खांबांमध्ये ४५ सेकंद गेल्यास ३,६०० ला ४५ ने भागावे. वेग ताशी ८० किलोमीटर. (शिरूरकरांस रूळ नाहीत; त्यांनी नगर रस्त्यावर मोजावे!)

ह्याच कामाकरिता क्रोनोग्राफ घड्याळ. १८२१ साली पॅरिसच्या घोडशर्यतीत रियुसेकचे यंत्र तबकडीवर शाईचा ठिपका उमटवी. परंतु धावता काटा पुनः शून्यावर आणावा कसा? १८४४ साली आडॉल्फ निकोल ह्या मूळच्या स्विस कारागिराने ह्या युक्तीचे पेटंट घेतले : काट्याच्या आसावर हृदयाकृती चकती. कळ दाबताच दांडी तिच्या कडेवर पडते. चकती कोठेही थांबलेली असो, दांडी खाचेत बसेपर्यंत ती फिरते आणि काटा शून्यावर येतो. व्हाल्जू ७२ ह्या प्रसिद्ध स्विस यंत्रात सेकंद, मिनिट व तास मोजणाऱ्या तिन्ही काट्यांस अशीच चकती आहे.