फायबरची जुनी बोट घरी दुरुस्त करताना: रंग सगळ्यात शेवटी

(ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, बुलढाणा जिल्ह्यात बोट कुठून आली बावा? समुद्र तर इथून शेकडो किलोमीटर लांब. पण देऊळगाव राजाकडे खडकपूर्णाचा संत चोखासागर बघा, मोताळ्याकडे नळगंगा, मेहकरकडे पेनटाकळी. या जलाशयांत मासेमारी चालते. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडतात आणि मच्छीमार सहकारी संस्थांना तलाव ठेक्याने दिले जातात. कोणी थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं टाकतं, कोणी ट्यूबवर, आणि ज्याला जमलं त्याच्याकडे फायबरची बोट असते. बऱ्याचदा सेकंडहँड.

अशी जुनी बोट अंगणात पडलेली असते आणि घरात प्रश्न असतो, दुरुस्त करायची की टाकून द्यायची? नवी घ्यायची तर पैसा मोठा लागतो. म्हणून आज सविस्तर बोलू. मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे, पण हा विषय मुळात केमिस्ट्री आणि थोड्या हिशोबाचा आहे. शेवटपर्यंत एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल: फायबरच्या बोटीत जे दिसतं ते महत्त्वाचं नसतं, जे चिकटलेलं असतं ते महत्त्वाचं असतं.

फायबर म्हणजे नक्की काय?

आपण ज्याला 'फायबर' म्हणतो त्यात दोन गोष्टी असतात. एक, काचेचे बारीक धागे. दोन, त्यांना धरून ठेवणारं रेझिन. बोटीत बहुतेक वेळा पॉलिएस्टर रेझिन असतं. ताकद धाग्यांची, आकार रेझिनचा. गारा-सिमेंटच्या स्लॅबमध्ये सळई असते ना, तसंच.

या रेझिनचा एक गुण नीट समजून घ्या. ते एकदा कडक झालं की परत वितळत नाही. प्लास्टिकची बादली तापवली तर मऊ होते, हे होत नाही. भाकरी भाजल्यावर तिचं पुन्हा पीठ होत नाही, तसं. त्यामुळे जुन्या बोटीवर नवा थर लावला की दोन्ही एकजीव होतात, हा गैरसमज आहे. नवा थर जुन्याला फक्त पकडून बसतो. पकड चांगली हवी तर जुना पृष्ठभाग स्वच्छ, कोरडा आणि खरखरीत पाहिजे. बाकी सगळी दुरुस्ती या तीन शब्दांभोवती फिरते.

गोडं पाणी सोपं नसतं

बरेच जण म्हणतात, आपल्याकडे खारं पाणी नाही, मग बोटीला काय होतंय? लोखंडासाठी हे बरोबर आहे. फायबरसाठी उलट आहे. रेझिनच्या थरातून पाणी अगदी हळू आत झिरपतं. आत रेझिनचे काही विरघळणारे अंश असतात, त्यांच्याबरोबर मिळून दाट द्रव तयार होतो आणि तो बाहेरचं पाणी आणखी ओढून घेतो. शाळेत मनुका पाण्यात टाकून फुगवल्या होत्या ना, तोच ऑस्मोसिस. बाहेरचं पाणी जितकं गोडं, तितकी ही ओढ जास्त. म्हणून वर्षानुवर्षं तलावात उभ्या असलेल्या बोटीच्या तळाला फोड येतात. फोड फोडला आणि आंबट, उग्र वासाचा द्रव निघाला, तर समजा पाणी आत पोचलंय.

आधी तपासणी

बोट उलटी करा. पेचकसाची मूठ किंवा जड नाणं घेऊन तळावर इंच-इंच ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो. जिथे थर सुटलेत तिथे भदभद, मेलेला आवाज येतो. खडूने गोल करत चला.

मग मागची सपाट बाजू बघा, जिथे इंजिन लागतं. तिच्यात बहुतेक वेळा आत प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकांतून पाणी गेलं की ते सडतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. इंजिनची जागा धरून जोरात हलवा. बाजू लवली किंवा भोकातून काळपट पाणी आलं, तर आतलं लाकूड गेलं.

आता निर्णय. दोन-तीन जागी भोकं, चिरा, थोडे फोड असतील तर घरी काम होतं. मागची बाजू सडलेली असेल तर होतं, पण जाणकार माणूस सोबत घ्या. तळाचा निम्म्याहून जास्त भाग मेलेला वाजत असेल तर थांबा. तिथे केलेला खर्च पाण्यात जाणार, आणि इथे हा वाक्प्रचार शब्दशः खरा आहे.

कधी करायचं?

पावसाळ्यात रेझिनचं काम नको, हवेत ओल असते. थंडीत घाटावर रात्री पारा खाली जातो आणि साधारण १५ अंशांखाली रेझिन नीट कडक होत नाही. एप्रिल-मेमध्ये तलाव आटलेला असतो, बोट रिकामी असते, पण घाटाखाली दुपारी डबा हातात घेतला की रेझिन डब्यातच जमतं.

माझं मत असं की उन्हाळ्याचा फायदा सुकवण्यासाठी घ्या. फोड फोडून, खराब भाग काढून बोट तीन-चार आठवडे सावलीत, वारं लागेल अशी ठेवा. सुकली का ते बघायची सोपी युक्ती: रात्री तळावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून ओल आहे. सुकल्यावर रेझिनचं काम पहाटे ते नऊच्या आत, सावलीत उरका. सगळं मृग लागायच्या आत.

घासणं: हेच खरं काम

आधी साबणाने धुवा, मग अॅसिटोनने पुसा, आणि त्यानंतर ग्राइंडर लावा. हा क्रम बदलू नका. बोटीवर जुनं मेण, तेल, ग्रीस असतं. आधी घासलं तर ते सगळं खरवडलेल्या जागेत आत दाबलं जातं.

भोकाच्या कडा सरळ ठेवून वरून ठिगळ मारलं तर ते ढलपीसारखं निघतं. कडा उतरत्या घासायच्या. ढोबळ नियम एकास बारा. तळ ५ मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या कडेपासून चारही बाजूंना ६० मिलिमीटरपर्यंत उतार. म्हणजे रुपयाएवढ्या भोकासाठी जेवणाच्या छोट्या ताटलीएवढी जागा घासावी लागते. लोकांना हे जास्त वाटतं आणि इथेच काटकसर होते. पण जोर सहन करतो तो हाच उतार.

रेझिन आणि काच

दुकानात दोन प्रकारचं पॉलिएस्टर रेझिन मिळतं. जीपी म्हणजे साधं, आणि आयसो. सतत पाण्यात राहणाऱ्या तळासाठी आयसो घ्या, ते पाण्याला जास्त टिकतं. काचेची मॅट आणि विणलेलं रोव्हिंग, दोन्ही लागतं. पहिला थर नेहमी मॅटचा, कारण ती उंचसखल पृष्ठभागावर नीट बसते. मग रोव्हिंग, मग पुन्हा मॅट. एक चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट वापरली तर साधारण एक किलो रेझिन लागतं. रोव्हिंगला त्याच्या वजनाइतकं पुरतं. जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद नव्हे; नुसतं रेझिन काचेशिवाय ठिसूळ असतं. लोखंडी खाचांचा रोलर फिरवून हवेचे बुडबुडे बाहेर काढा.

हार्डनर, म्हणजे एमईकेपी, साधारण एक ते दोन टक्के. एक किलोला १० ते २० मिली. उन्हाळ्यात कमीकडे राहा. अंदाजाने ओतू नका, मेडिकलमधली सिरिंज आणा. आणि एका वेळी अर्धा किलोपेक्षा जास्त कालवू नका.

आता कान देऊन ऐका. काही रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं असतं, काहींमध्ये आपल्याला घालावं लागतं. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कोपऱ्यात ठेवा.

हार्डनर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. गॉगल लावाच, आणि बाजूला स्वच्छ पाण्याची बादली ठेवा. उडालंच तर किमान १५ मिनिटं डोळा धुवत राहा आणि लगेच दवाखाना गाठा. रेझिनच्या वाफेसाठी रुमाल उपयोगाचा नाही, केमिकल कार्ट्रिजचा मास्क लागतो. घासताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. उरलेलं रेझिन डब्यात तापतं, कधी धूर काढतं. आपल्याकडे अंगणात कुटार असतं, कापसाचं गाठोडं असतं, शेजारी चूल असते. काम त्यांच्यापासून लांब करा. बिडी तर नकोच.

शेवटचा थर हवेत चिकट राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन वरचा थर कडक होऊ देत नाही. त्यासाठी शेवटच्या कोटात मेणाचं द्रावण घालतात. पण मधल्या थरात ते घालू नका, नाहीतर पुढचा थर धरणार नाही. आणखी एक: जुनी दुरुस्ती एपॉक्सीने केलेली असेल तर त्यावर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही. तिथे एपॉक्सीच वापरा.

जीव वाचवणारा भाग

इथपर्यंत बोट पाणी आत येऊ न देणारी झाली. पण वाऱ्याने उलटली तर?

२१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव-कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. धरणाचं पाणी समुद्र नसलं तरी मे महिन्यातली वावटळ तिथेही येते.

फायबर पाण्यापेक्षा जड असतं. लाकडी होडी भरली तरी तरंगते, फायबरची बुडते. म्हणून बोटीत बाकांखाली फोम किंवा हवाबंद कप्पे असतात. जुन्या बोटीत फोम पाणी पिऊन जड झालेला असतो, किंवा कोणीतरी सामान ठेवायला काढून टाकलेला असतो. तो उघडून बघा.

हिशोब सोपा आहे. समजा बोट १५० किलोची. पाण्यात बुडल्यावर तिचं वजन साधारण ५० किलो भरेल, कारण फायबर पाण्याच्या दीडपट जड. इंजिनचे २५ धरा. तीन माणसं कडेला धरून राहणार, प्रत्येकी १० किलो. झाले १०५. एक लिटर हवाबंद जागा साधारण एक किलो उचलते. म्हणजे किमान १०५ लिटर, आणि जाळं, मासे, फोमचं स्वतःचं वजन धरून मी २०० सांगीन. तेलाचे १५ लिटरचे १३-१४ डबे होतात एवढी जागा.

ती जागा तळाशी ठेवू नका, नाहीतर भरलेली बोट पालथी होते. दोन्ही बाजूंना, वरच्या कडेजवळ आणि बाकांखाली वाटून ठेवा. पीयू फोम चांगला. थर्माकोल वापरणार असाल तर लक्षात घ्या, पॉलिएस्टर रेझिन आणि पेट्रोल दोन्ही थर्माकोल विरघळवतात. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे कॅन पट्ट्यांनी पक्के बांधणं. दर महिन्याला सोडून बघताही येतात.

रंग, आणि शेवटची परीक्षा

आता रंग. आवडेल तो लावा, नाव लिहा, झेंडूची माळ घाला. जुनी बोट विकत घेताना मात्र ताज्या रंगाला भुलू नका. आमच्या भाषेत सांगायचं तर स्क्रीन चकाचक आहे म्हणून आतला कोड बरोबर आहे असं नसतं.

शेवटी बोट किनाऱ्यालगत, कमरेएवढ्या पाण्यात न्या. इंजिनऐवजी तेवढ्याच वजनाची वाळूची पोती मागे बांधा. बादल्यांनी बोट काठोकाठ भरा. तिघे जण कडेला धरून लोंबकळा. ती सरळ राहिली आणि वर राहिली, तर काम झालं. खाली बसली तर आणखी कॅन लावा आणि पुन्हा भरा. ही परीक्षा पास झाल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नका, आणि पास झाली तरी लाइफ जॅकेट घालूनच जा.

तुमच्या गावच्या तलावावर कोणाकडे अशी बोट असेल तर त्यांना हा भाग पाठवा. काही विचारायचं असेल तर व्हॉइस मेसेज करा, पुढच्या भागात उत्तर देतो. तोवर रामराम.