इंटर्नशिप आणि विद्यावेतन योजना: शिकत असताना कोणती, पदवीनंतर कोणती?

समजा, तुम्ही बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. दररोज कॉलेजला जाता आणि ‘दरमहा विद्यावेतनासह इंटर्नशिप’ अशी जाहिरात पाहून अर्ज भरायला घेता. बहुतेक वेळा तुम्ही पात्रतेच्या अटींपाशीच अडाल. सर्वाधिक चर्चेत असलेल्या काही योजना नियमित शिक्षण घेणाऱ्यांसाठी नाहीत. शिक्षण संपवून पहिली नोकरी शोधणाऱ्यांसाठी त्या आहेत. म्हणून अर्ज करण्यापूर्वी एकच गोष्ट ठरवा: आज तुम्ही विद्यार्थी आहात की शिक्षण पूर्ण केलेले उमेदवार?

प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना

केंद्रीय कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाची ही योजना 2024-25 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि तिचा पथदर्शी टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला. मोठ्या कंपन्यांत 12 महिन्यांची इंटर्नशिप असे तिचे स्वरूप आहे. यातला किमान अर्धा काळ वर्गात न जाता प्रत्यक्ष कामावर जायला हवा.

पथदर्शी टप्प्यातील अटींनुसार वय 21 ते 24 वर्षे असावे. दहावी, बारावी, आयटीआय, पदविका किंवा बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम., बी.सी.ए., बी.बी.ए., बी.फार्म. यांपैकी एक शिक्षण झालेले असावे. उमेदवार पूर्णवेळ नोकरीत किंवा पूर्णवेळ शिक्षणात नसावा. दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकणाऱ्यांना मात्र अर्ज करता येतो. म्हणजे मुक्त विद्यापीठातून पदवी करणारी 21 वर्षांची मुलगी पात्र ठरू शकते, पण त्याच वयाची नियमित कॉलेजात जाणारी तिची मैत्रीण ठरत नाही. कुटुंबाचे 2023-24 मधील वार्षिक उत्पन्न ₹8 लाखांपेक्षा जास्त नसावे आणि घरातले कोणी कायम सरकारी नोकरीत नसावे, अशाही अटी होत्या. नव्या फेरीत वय, रक्कम आणि इतर अटी बदलू शकतात. त्यामुळे अर्ज करण्याच्या दिवशी पोर्टलवर असलेली मार्गदर्शक तत्त्वेच प्रमाण माना. व्हॉट्सॲपवर फिरणारे जुने पोस्टर धरून बसू नका.

दरमहा ₹5,000 कसे मिळतात, तेही समजून घ्या. कंपनी तुमची हजेरी आणि वर्तन पाहून ₹500 देते. त्यानंतर सरकार ₹4,500 थेट तुमच्या बँक खात्यात जमा करते. रुजू झाल्यावर एकदाच ₹6,000 मिळतात. प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनेचे संरक्षणही आहे. एखाद्या महिन्याचे पैसे आले नाहीत, तर आधी कंपनीच्या एचआर विभागाला विचारा की त्यांच्या वाट्याचे ₹500 सोडले आहेत का. ते अडले असतील तर पुढचेही अडतात.

आता एक स्पष्ट गोष्ट. पुणे, बंगळुरू किंवा गुरुग्रामसारख्या शहरात खोलीचे भाडे, मेस आणि रोजचा प्रवास ₹5,000 मध्ये बसत नाही. घरून पैसे येणार नसतील तर संधी निवडताना कंपनीच्या नावाआधी जिल्हा पाहा. पोर्टलवर ठिकाणानुसार संधी शोधता येतात. घरून ये-जा करता येईल अशा कारखान्यातली इंटर्नशिप अनेकदा दूरच्या नामांकित कंपनीपेक्षा परवडते आणि वर्षभर टिकते.

नॅट्स: पदवी आणि पदविकाधारकांची शिकाऊ उमेदवारी

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना, म्हणजे नॅट्स, केंद्रीय शिक्षण मंत्रालयामार्फत चालते. तिचा आधार शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 हा कायदा आहे. ही फक्त इंजिनीअरांसाठी असल्याचा समज अजूनही आहे, पण 2014 च्या दुरुस्तीनंतर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही यात घेता येते. 2019 च्या नियमांत पदवीधरांना दरमहा किमान ₹9,000 आणि पदविकाधारकांना ₹8,000 असे विद्यावेतन ठरले. किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते. म्हणजे ज्या पदवीधराला दोन्ही योजना खुल्या आहेत, त्याला नॅट्समध्ये जास्त पैसे मिळतात.

30 किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांनी एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि यात कंत्राटी कामगारही मोजले जातात. तुमच्या तालुक्यातला साखर कारखाना, दूध संघ किंवा खाजगी रुग्णालय एवढे मोठे असू शकते. पोर्टलवर जाहिरात येण्याची वाट न पाहता तिथे जाऊन ‘नॅट्समधून जागा भरता का?’ असे विचारा. यात कमीपणा नाही.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. आणि प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे सर्वसाधारण बंधन कंपनीवर नाही. मात्र कामावर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. त्यासाठी करार पोर्टलवर नोंदलेला आहे ना, हे पहिल्याच आठवड्यात पाहा. ‘करार नंतर करू’ असे म्हणणाऱ्या ठिकाणी यंत्राला हात लावू नका.

इथे क्रमही महत्त्वाचा आहे. पथदर्शी अटींनुसार नॅट्स किंवा तिच्यासारखी शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांना प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना मिळत नाही. जी योजना आधी मिळेल ती धरण्यापेक्षा दोन्हींच्या अटी शेजारी ठेवून निर्णय घ्या.

राज्यांच्या योजना

महाराष्ट्रात 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना सुरू झाली. बारावी झालेल्यांना दरमहा ₹6,000, आयटीआय व पदविकाधारकांना ₹8,000 आणि पदवीधरांना ₹10,000 असे तिचे दर ठरले. वय 18 ते 35 आणि महाराष्ट्राचा अधिवास आवश्यक. इथेही शिक्षण चालू असलेले उमेदवार अपात्र आहेत. इंदूर किंवा देवासला राहणाऱ्या मराठी कुटुंबातल्या मुलांना ही योजना लागू होत नाही. मध्य प्रदेशच्या रहिवाशांसाठी 2023 पासून मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना आहे, तिची चौकशी करा. राज्य योजनांत मातृभाषा नाही, अधिवास पाहतात.

मग कॉलेजात असताना काय?

एआयसीटीईच्या इंटर्नशिप पोर्टलवर विद्यार्थ्यांना मोफत नोंदणी करता येते. तिथे सरकारी व खाजगी दोन्ही संधी असतात. काहींत विद्यावेतन असते, काहींत नसते. यूजीसीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीन वर्षांच्या पदवीत चौथ्या सत्रानंतर 60 ते 120 तासांची इंटर्नशिप अपेक्षित आहे आणि 30 तासांना एक क्रेडिट मिळते. म्हणून सुट्टीतले काम सुरू करण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी मान्यता घ्या. आधी काम करून नंतर क्रेडिट मागितले तर कॉलेज नाही म्हणू शकते.

घरात बारावीला असलेले भावंड असेल तर त्याच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. काही महाविद्यालये शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेले पदवी अभ्यासक्रम चालवतात. त्यात किमान एक सत्र उद्योगात जाते आणि त्या काळात विद्यावेतन मिळते. घरची परिस्थिती बेताची असेल तर प्रवेश घेतानाच याची चौकशी करावी.

खाते, कागदपत्रे आणि फसवणूक

खात्याला आधार जोडणे आणि ते खाते थेट लाभ हस्तांतरणासाठी सीड असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यातच जातात, मग ते तुम्ही विसरलेले जुने खाते का असेना. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहता येते. आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव व जन्मतारीखही एकदा ताडून घ्या. दुरुस्तीला वेळ लागतो आणि अर्जाची मुदत तोवर थांबत नाही.

वर सांगितलेल्या कोणत्याही सरकारी योजनेत नोंदणी शुल्क, अनामत किंवा ‘लॅपटॉप डिपॉझिट’ नाही. सरकारी पोर्टलचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतो का, ते पाहा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेच्या शंकांसाठी 1800 11 6090 हा निःशुल्क क्रमांक आहे.

काम कोणत्याही योजनेतले असो, प्रमाणपत्रावर सुरुवातीची व शेवटची तारीख, एकूण तास आणि तुम्ही नेमके काय केले हे लिहून घ्या. ‘समाधानकारक काम केले’ एवढ्या एका ओळीवर क्रेडिट मिळवताना अडचण येते आणि पुढच्या मुलाखतीत दाखवायलाही काही उरत नाही. हा मजकूर शेवटच्या दिवशी न मागता दोन आठवडे आधी वरिष्ठांना कच्चा लिहून द्या. ते बहुधा त्यावरच सही करतात.