चिंचोळ्या वाटेवरची शर्यत

क्रॉस-कंट्री ही माउंटन बाइकची ऑलिंपिकमध्ये असलेली एकमेव शर्यत. डांबर सोडून माती, मुरूम, धोंडे आणि झाडांची मुळे यांच्यामधून चढ-उतारांचा एक फेरा आखतात. फेरा साधारण 4 ते 6 किलोमीटरांचा असतो. सगळे स्पर्धक एकाच वेळी सुटतात आणि ठरलेले फेरे मारतात. विजेत्याला सव्वा ते पावणेदोन तास लागतील या हिशेबाने फेऱ्यांची संख्या ठरते. जो पहिला पोहोचेल तो जिंकतो. उड्यांना किंवा कसरतींना गुण नसतात. हाच खेळ 60 ते 160 किलोमीटरच्या पल्ल्यावर नेला की त्याला मॅरेथॉन म्हणतात. त्यात एकच फेरा पुन्हा पुन्हा मारण्याऐवजी बहुधा एक मोठा मार्ग कापायचा असतो.

खेळाचे मूळ अमेरिकेत आहे. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यातल्या तरुणांची एक टोळी जुन्या, जाड टायरच्या सायकली माउंट टॅमलपायसच्या उतारावरून खाली पिटाळू लागली. 1976 मध्ये त्यांनी ‘रिपॅक’ नावाची शर्यत सुरू केली. उतारावर मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की हबमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. 1977 मध्ये याच टोळीतल्या जो ब्रीझने खास या कामासाठी सायकलीचा सांगाडा बनवला. पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा 1990 मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे झाली आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्रीला जागा मिळाली. मित्रांनी एकमेकांना दिलेल्या आव्हानापासून ऑलिंपिकपर्यंतचा हा प्रवास वीस वर्षांत झाला.

मराठी वाचकाला सायकल शर्यत म्हटले की मुंबई-पुणे शर्यत आणि बोरघाट चढून ‘घाटांचा राजा’ ठरणारा स्पर्धक आठवतो. त्या आणि या शर्यतीतला मुख्य फरक वाऱ्याचा आहे. सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरने जाताना सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवले तर त्यातली मोठी बचत होते. म्हणून रस्त्यावर मित्र मित्राला खरोखर ओढून नेऊ शकतो. जंगलातल्या चढावर वेग ताशी 8-10 किलोमीटरवर येतो. तिथे लढाई गुरुत्वाकर्षणाशी आणि घसरणाऱ्या चाकाशी असते, आणि पुढे कोण आहे याने विशेष काही वाचत नाही. उतारावर तर पुढच्याला चिकटणे धोक्याचेच, कारण समोरचा दगड दिसत नाही. एकत्र सराव करणारे चार मित्र एका रेषेवरून सुटले, तरी पहिली पायवाट लागताच प्रत्येक जण आपापल्या फुप्फुसांवर सोडलेला असतो.

ही पहिली पायवाट शर्यतीचा बराचसा निकाल लावते. मानांकनानुसार आठ-आठच्या रांगा लावतात. सुरुवातीचा रुंद पट्टा संपून एकाच सायकलीची वाट सुरू झाली की पुढे जायला जागा उरत नाही. त्यामुळे सुरुवातीची दोन-तीन मिनिटे सगळे जिवाच्या आकांताने पॅडल मारतात आणि मग श्वास लागलेल्या अवस्थेतच अवघड भागात शिरतात. नवखा इथेच फसतो: जागा मिळवण्यासाठी सगळी ताकद घालवतो आणि पहिल्याच चढावर उतरून सायकल ढकलू लागतो. त्याच्या मागचे दहा जणही मग उतरतात.

नवी मुंबईत या खेळाचे सामान घराच्या दाराशी आहे, पण ते ओळखीच्या रस्त्यांवर नाही. वाशी ते बेलापूर हा पाम बीच मार्ग सकाळच्या सायकलस्वारांचा लाडका आहे. तो सपाट आहे. दम वाढवण्यासाठी चांगला, कौशल्यासाठी निरुपयोगी. खरा अभ्यास पूर्वेला सुरू होतो. मुंब्र्याकडून बेलापूरकडे उतरणारी पारसिकची डोंगररांग ठाणे-बेलापूर पट्ट्याच्या पाठीशी उभी आहे, आणि तिच्या पलीकडे खारघरचा डोंगर. खारघरच्या पठारावर फणसवाडी आणि चाफेवाडी या आदिवासी वाड्या आहेत. तिकडे जाणारा वळणावळणाचा डांबरी चढ पायांची कसोटी घेतो, आणि वाड्यांच्या, गुरांच्या व लाकूडफाट्याच्या पायवाटा उरलेले सगळे शिकवतात. या वाटा सायकलींसाठी नाहीत. डोक्यावर भारा घेतलेली बाई किंवा गुराखी समोर आला की सायकल थांबवून बाजूला घ्यायची असते.

डोंगराची घडण सायकल चालवण्याची रीत ठरवते. सह्याद्री आणि त्याचे हे कोकणातले फाटे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनले आहेत. थरावर थर बसल्यामुळे चढ एकसारखा लागत नाही: तीव्र उभार, मग थोडी सपाटी, पुन्हा उभार. म्हणून युरोपातल्या लांबलचक घाटांवर चालणारा संथ, एकसुरी ठेका इथे चालत नाही. अर्धे मिनिट पूर्ण जोर, मग सपाटीवर श्वास सावरणे, हा इथला ताल आहे. बेसॉल्ट झिजून तयार झालेला मुरूम कडक वाटेवर पसरतो आणि चाकाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखा सरकतो. अशा वळणावर पुढचा ब्रेक दाबला की पुढचे चाक निसटलेच. वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि वळणात ब्रेक मोकळे सोडायचे, हा नियम मुरूम फार लवकर शिकवतो.

पावसाळ्याबद्दल सायकलस्वारांत दोन तट आहेत. हिरवे डोंगर आणि ओढे पाहून जून ते सप्टेंबर हाच खरा हंगाम असे काहींना वाटते. शर्यतीच्या दृष्टीने ते खरे नाही. शेवाळलेल्या कातळावर कुठलाच टायर धरत नाही, चिखल गिअरमध्ये अडकतो, आणि ओढ्याचे पाणी काही मिनिटांत चढते. खारघरच्या पांडवकडा धबधब्याजवळ बुडून झालेल्या मृत्यूंमुळे तिथे पावसाळ्यात वारंवार प्रवेशबंदी केली जाते. ओल्या पायवाटेवर चाके फिरली की चर पडतात, पुढचा पाऊस ते खोल करतो आणि वाट वाहून जाते. हा तोटा वाडीतल्या लोकांना सोसावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथला चांगला काळ. त्यानंतर गवत वाळते, वणवे लागतात, आणि उन्हाबरोबर खाडीकडून येणारा दमटपणा घाम वाळू देत नाही. मार्चनंतर सकाळी आठच्या आत डोंगर उतरलेला बरा.

सायकलीबद्दल गरजेपेक्षा जास्त बोलले जाते, तरी काही गोष्टी कळलेल्या बऱ्या. फक्त पुढे शॉक असलेल्या सायकलीला हार्डटेल म्हणतात. ती हलकी आणि स्वस्त असते, आणि नवख्यासाठी तीच योग्य. चाके पूर्वी 26 इंची असत. आता शर्यतीत 29 इंची चाकांचे राज्य आहे, कारण मोठे चाक खड्ड्यात कमी बसते आणि दगडावरून सहज लोळते. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव्ह कुल्हावीने अशाच चाकांवर, पुढे-मागे शॉक असलेल्या सायकलीवर, स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरला अगदी शेवटच्या क्षणी मागे टाकले. पैसे खर्चायचेच असतील तर आधी टायरवर खर्चावेत. ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चर बुजवणारे द्रव भरले की बाभळीच्या काट्यांची भीती बरीच जाते आणि हवा 20-25 पीएसआयपर्यंत कमी ठेवता येते. रस्त्याच्या सवयीने टायर दगडासारखा टणक फुगवणे ही सर्वांत स्वस्तात सुधारता येणारी चूक आहे.

मित्रांचा उपयोग मात्र शर्यतीच्या आधी आणि कडेला होतो, आणि तो मोठा असतो. अवघड उतार एकट्याने शिकणे जड जाते. आधी मार्ग पायी पाहायचा, मग एकाने जायचे आणि बाकीच्यांनी कडेला उभे राहून चाक कुठून गेले ते पाहायचे, असा सराव गटातच होतो. अवघड जागी आयोजक अनेकदा दोन वाटा ठेवतात: एक छोटी आणि धोक्याची, दुसरी लांबून जाणारी पण सोपी. लांबून गेल्यास किती सेकंद जातात हे सरावात घड्याळ लावून पाहिले, तर शर्यतीत धडधडत्या छातीने निर्णय घ्यावा लागत नाही. शिवाय आपल्यापेक्षा किंचित सरस मित्रामागून उतरताना आपण स्वतःहून कधीच घेणार नाही ती वाट सापडते. नेहमीच मागे राहणारा मित्र असेल तर सरावात त्याला काही मिनिटे आधी सोडतात. मग शेवटच्या चढावर सगळे एकत्र येतात आणि कुणालाच सैल सोडता येत नाही.

शर्यतीच्या दिवशी कडेचा मित्र बाटली देतो आणि पुढचा किती सेकंद पुढे आहे ते ओरडून सांगतो. जागतिक नियमांनुसार खाणे-पिणे ठरलेल्या पट्ट्यातच देता येते, आणि दुरुस्तीसाठी बाहेरची मदतही तिथेच मिळते. त्या पट्ट्याबाहेर केवळ एकाच नोंदणीकृत किंवा राष्ट्रीय संघातले स्पर्धक एकमेकांना मदत करू शकतात. सायकलीचा सांगाडा शर्यतीत बदलता येत नाही. आघाडीच्या स्पर्धकाच्या पहिल्या फेऱ्याच्या वेळेच्या 80 टक्क्यांहून जास्त मागे पडलेल्याला मार्गावरून बाहेर काढतात. हौशी शर्यतींत हा नियम बहुधा सैल असतो, आणि ते योग्यच आहे.

मैत्रीलाच शर्यतीचा नियम बनवणारे प्रकारही आहेत. दक्षिण आफ्रिकेत 2004 पासून होणारी केप एपिक आठ दिवसांची असते आणि तीत दोघांचीच जोडी धावते. दोघांमध्ये दोन मिनिटांहून जास्त अंतर पडले तर दंड होतो. त्यामुळे जोडीदार निवडताना सर्वांत वेगवान मित्र शोधून उपयोग नसतो. चढावर आपल्याइतकाच दमणारा शोधावा लागतो. जागतिक स्पर्धेत 1999 पासून सांघिक रिलेही आहे. त्यात पुरुष आणि महिला एकेक फेरा मारतात, आणि कोणाला कधी सोडायचे हा डाव असतो. रस्त्यावरचे मराठी उदाहरण नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांचे आहे. त्यांनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांचा संघ म्हणून आळीपाळीने सायकल चालवत पूर्ण केली.

ज्यांना हौसेच्या पुढे जायचे आहे त्यांचा मार्ग राज्य संघटनेच्या निवड स्पर्धेतून भारतीय सायकलिंग महासंघाच्या राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धेकडे जातो. संगमनेरच्या प्रणिता सोमणने या खेळात राष्ट्रीय पातळीवर महाराष्ट्राचे नाव केले. 2023 च्या ऑक्टोबरात आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळमधील पोनमुडी येथे झाली.

गटाने आपापसातच शर्यत भरवायची ठरवली तर जागेचा मालक कोण हे आधी पाहावे लागते. डोंगराचा मोठा भाग वनखात्याकडे असतो आणि स्पर्धेसाठी त्यांची परवानगी घ्यावी लागते. फेरा शक्यतो डांबरी रस्त्याला एकदा तरी शिवेल असा आखावा, म्हणजे जखमी माणसाला रुग्णवाहिकेपर्यंत उचलून नेण्याचे अंतर कमी राहते. दरीत फोन लागतोच असे नाही; म्हणून प्रत्येक अवघड उताराच्या पायथ्याशी शिट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन एक माणूस उभा करतात. पडलेल्याजवळ पहिला पोहोचणारा स्पर्धक थांबतो, आणि थांबण्यात गेलेला त्याचा वेळ निकालातून वजा करतात.