आठवीनंतरची वाट
(लेखमाला : गाव आणि शाळा, भाग ६)

मागच्या आठवड्यात आपण जिल्हा परिषद शाळांचा घसरता पट पाहिला. आज आठवीनंतरच्या गळतीकडे वळू.

वर्धा जिल्ह्यातल्या लहान गावात शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवी-आठवीपर्यंत. हायस्कूल मोठ्या गावाला. २०१० पासून लागू असलेला शिक्षणहक्क कायदाही चौदाव्या वर्षी, म्हणजे साधारण आठवीलाच, हात सोडतो. २०२१-२२ च्या यू-डायस अहवालात देशातली गळती प्राथमिकला १.५ टक्के, उच्च प्राथमिकला ३ टक्के आणि नववी-दहावीला १२.६ टक्के होती. हे प्रमाण एका वर्षाचं आहे. दोन वर्षांची गळती जोडली तर पोकळी आणखी मोठी दिसते.

कारणं गावाला पाठ आहेत. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की वेचणीला हात कमी पडतात. पंधरा वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाइतका रोज मिळतो आणि घराला तो कमावता वाटू लागतो. चाळिशीतही त्याला त्याच कामाचा रोज मिळणार असतो, पण त्या हंगामात तेवढं पुढचं कोण बघतं? मुलींचं कारण बहुधा एसटी. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास आहे. पण सायंकाळची गाडी चुकली की आई म्हणते, उद्यापासून राहू दे. २०२०-२१ मध्ये शाळा बंद राहिल्या, त्यामागून २०२१-२२ चा लांबलेला एसटी संप आला. त्या दोन वर्षांत कितीतरी मुलींची शाळा अशीच सुटली. तिसरं कारण बोललं जात नाही. दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून अनेक ठिकाणी कच्ची मुलं नववीतच अडवली जातात. मला हे फार लागतं, कारण इथं मुलाला बाहेरची वाट शाळाच दाखवते.

‘ज्याचं पोर, त्याचं नुकसान,’ असं पारावर सहज म्हटलं जातं. हे खरं नाही, आणि ते पटवायला दूर जावं लागत नाही. अंगणवाडी सेविका त्याच गावची रहिवासी लागते आणि २०२३ पासून बारावी उत्तीर्ण. पोलीस पाटील स्थानिक आणि दहावी उत्तीर्ण. आशाताई गावातलीच. १९९५ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सरपंच व्हायचं तर सातवी पास असावं लागतं. गावाचा कारभार आणि गावाचं आरोग्य सांभाळणारी माणसं गावातूनच निवडायची असा नियम आहे. ज्या वस्तीवरच्या मुली नववीत घरी बसल्या, त्या वस्तीतून दहा वर्षांनी सेविका होणार कोण? मग ती जागा गावातल्या दोन-चार शिकलेल्या घरांतच फिरत राहते, आणि ज्या वस्तीला पोषण आहाराची सर्वांत जास्त गरज, तिचं माणूस त्या खुर्चीवर कधी बसत नाही.

शेतीतही तेच. २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर करायची आहे. नोंद राहिली की पीकविम्यात आणि हमीभावाच्या खरेदीत अडचण येते. घरात फॉर्म वाचणारं कोणी नसेल तर दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं, कधी त्याचे पैसेही मोजावे लागतात. शाळा सुटलेल्या मुलीचं लग्न लवकर उरकलं जातं, बाळंतपण लवकर येतं, अशक्त आईचं मूल कमी वजनाचं होतं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रावरचा भार वाढतो. तो भार साऱ्या पंचक्रोशीचा असतो.

आणि हे घडतंय कुठं, तर वर्ध्यात. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथंच भरलेल्या शिक्षण परिषदेनं सात वर्षांच्या मोफत, सक्तीच्या, मातृभाषेतल्या शिक्षणाचा ठराव केला. अभ्यासक्रम आखण्यासाठी झाकिर हुसेन यांची समिती नेमली. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी नई तालीम उभी केली. हाताला काम आणि डोक्याला शिक्षण एकाच वर्गात मिळावं, हा तिचा गाभा. वेचणीसाठी शाळा सोडणाऱ्या मुलाचा प्रश्न त्यांनी ओळखला होता. आपण मात्र काम आणि शाळा पुन्हा वेगळी केली आणि मुलाला दोन्हींतलं एक निवडायला लावलं.

शाळा सुटलेल्यांसाठी दारं आहेत. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला खासगीरीत्या बसता येतं. नापास झालेल्यांना पुरवणी परीक्षा आहे. पण ही माहिती रानात काम करणाऱ्या पोरापर्यंत कोणी न्यायची? शाळा व्यवस्थापन समिती गावच्या शाळेपुरतं बघते, नववीला परगावी गेलेलं मूल तिच्या यादीत नसतं. म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एवढंच विचारावं : गेल्या वर्षी आठवी झालेले किती, त्यातले आज नववीच्या पटावर किती आणि बाकीचे काय करतात? एसटीच्या वेळेमुळे मुली घरी बसल्या असतील तर तिथंच ठराव करून तो वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव किंवा तळेगाव, जे आगार लागत असेल, तिथल्या व्यवस्थापकांकडे शाळेच्या सुटण्याच्या वेळेसह पाठवावा.