घोटभर पाण्याचे सुख

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. त्यांच्यामागून हजारो माणसे प्यायली. मागणे काय होते? माणसाला रोज लागणारे घोटभर पाणी! साधे, सामान्य जगणेच आमच्या बापजाद्यांना नाकारले होते. म्हणून घरच्या नळाला पाणी येते, दिव्याखाली मुलगी अभ्यासाला बसते, यात आम्हाला सुख वाटले तर ते क्षुल्लक कसे?

‘आहे त्यात सुख माना’ हा उपदेश आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या केला गेला. तो समाधानाचा नव्हता, गुलामीचा होता. उपाशी माणसाला समाधान शिकवणे हा ढोंगीपणाच! पण भगवान बुद्धांच्या महामंगल सुत्तात विद्या, कलाकौशल्य, आई-वडिलांची सेवा, पत्नी-मुलांचा सांभाळ यांना मंगल म्हटले आहे आणि त्याच यादीत समाधानही आहे. म्हणजे शिकायचे, कष्टायचे, हक्कासाठी भांडायचे आणि मिळवलेले आनंदाने जगायचेही. यात विरोध कुठे आला?

आज आम्ही काय करतो? शेजाऱ्याने गाडी घेतली की आमची झोप उडते. लग्नात थाट दाखवायला कर्ज काढतो आणि पुढची कित्येक वर्षे हप्ते भरतो. दुसरीकडे आमचे कार्यकर्ते! सभेत समतेवर तासभर बोलतात, पण घरी बायको सगळ्यांच्या शेवटी जेवते, मुलगा कितवीत आहे हे आठवावे लागते. ही चूक आमचीही आहे, हे कबूल केले पाहिजे.

बाबासाहेबांएवढा कामाचा डोंगर कोणाच्या डोक्यावर होता? तरीही त्यांना बागेची आवड होती, कुत्र्यांचा लळा होता, उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. चळवळीसाठी आनंद सोडावा लागतो, असे त्यांचे जीवन सांगत नाही.

म्हणून बांधवांनो, या रविवारी एवढेच करू. मुलांचा हात धरून विहारात जाऊ. घरी आल्यावर भाजी आपण निवडू आणि घरातली सगळी माणसे एकाच वेळी जेवायला बसू. खर्च काहीच नाही. पण ज्या साध्या जगण्यासाठी आमची माणसे महाडला गेली, ते जगणे आम्ही खरोखर जगतो आहोत, याची खूण त्या एका पंगतीत पटेल.

जयभीम!